सेनापतीचे कान

२०२५ च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना, ८ आणि ९ तारखेच्या मधल्या रात्री, मुंबईतल्या कितीतरी घरांत दूरचित्रवाणी संच उशिरापर्यंत चालू होते आणि काही वृत्तवाहिन्या भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे ठणकावून सांगत होत्या. नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय याच शहरात आहे, माझगावच्या गोदीत युद्धनौका बांधल्या जातात, आणि डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर खरोखरच हल्ला करणाऱ्या नौदलाच्या आठवणी कुलाब्यात अजून ताज्या आहेत. त्यामुळे ही बातमी मुंबईकराला घरची वाटली तर त्यात नवल नव्हते. उजाडेपर्यंत ती खोटी ठरली. पुढचे काही दिवस चर्चगेटच्या गाडीत एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा किती किलोमीटरवरून मारा करते, ब्रह्मोस क्षेपणास्त्राचा वेग किती, चिनी क्षेपणास्त्रे खरोखर किती लांब जातात, यावर जाणकारीने वाद चालले. ही यंत्रे कोणाच्या हुकुमाने सुटतात, तो हुकूम देणारा माणूस कसा असावा लागतो आणि तसा माणूस घडवण्याची आपल्याकडे काय व्यवस्था आहे, हा विषय मात्र कोणी काढला नाही. मला तोच विषय अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण यंत्र पैसे मोजून दोन वर्षांत आणता येते, पण सेनापती तयार व्हायला तीस वर्षे लागतात.

सेनापतीचे गुण मोजायला बसले की धैर्य, निर्णयक्षमता, शारीरिक सोशिकता, डावपेचांची जाण, सैनिकांवरील माया ही यादी आपोआप पुढे येते. ती चुकीची नाही, पण ती पानिपतावरही तशीच लागू होती आणि पहिल्या महायुद्धातही. आजच्या युद्धाने नेमके काय बदलले आहे ते आधी पाहावे लागेल. माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत मोठा बदल शस्त्रांत झालेला नसून माहिती कोणाच्या हाती असते यात झाला आहे. पूर्वीचा सेनापती टेकडीवर उभा राही आणि त्याला खाली लढणाऱ्या शिपायापेक्षा जास्त रणांगण दिसे. ज्याचे पद उंच त्याची दृष्टी लांब, असा साधा हिशेब होता आणि शिपायाने प्रश्न न विचारता हुकूम पाळावा या शिस्तीला त्या हिशेबाचा आधार होता. आज रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या बावीस वर्षांच्या नौसैनिकाला, खंदकात बसून ड्रोन उडवणाऱ्या जवानाला किंवा शत्रूचे संदेश चाळणाऱ्या कनिष्ठ विश्लेषकाला जे दिसते, ते तीन पायऱ्या वर बसलेल्या जनरलला दिसत नाही; त्याला दिसते ते त्या माहितीचे गाळलेले, आवरलेले आणि पुष्कळदा सौम्य केलेले रूप. युक्रेनच्या रणभूमीवर ड्रोनची युक्ती काही आठवड्यांत जुनी होते, कारण समोरचा लगेच तिच्यावर उतारा शोधतो, आणि तो उतारा लागू पडला आहे हे सर्वांत आधी त्या ड्रोनचालकालाच कळते.

म्हणून आधुनिक सेनापतीचा पहिला गुण कोणता, असे कोणी विचारले तर मी कान म्हणेन. हलक्या कानाचा माणूस सेनापती म्हणून नक्कीच नको, पण बहिऱ्या कानाचा त्याहून घातक ठरतो. हाताखालच्या माणसाकडून नावडते सत्य वेळेवर ऐकून घेणे, ते त्याने निर्भयपणे सांगावे अशी हवा आपल्या कचेरीत, जहाजावर किंवा पलटणीत राखणे आणि ऐकून झाल्यावर निर्णयाची जबाबदारी पूर्णपणे स्वतःच्या शिरावर घेणे, असा तिन्ही बाजूंनी मिळून होणारा हा एकच गुण आहे. तंत्रज्ञानाचे ज्ञान हा पहिला गुण मानणारे पुष्कळ आहेत; मला ते पटत नाही. तिसाव्या वर्षी कॅप्टनने शिकलेले तंत्र तो पन्नाशीत ब्रिगेडियर होईपर्यंत वस्तुसंग्रहालयात गेलेले असते. त्या वयात त्याच्या उपयोगी पडते ते नवे तंत्र जाणणाऱ्या पोराला प्रश्न विचारण्याचा संकोच नसणे.

ही कल्पना परकी नाही. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे तुकड्यांच्या अंमलदारांना, शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. पावसाळ्याचा दाणागोटा बेताने वापरा, लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला उपद्रव देऊ नका, याबरोबरच रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, असे त्यात बजावले आहे. या पत्राचे कौतुक आपण बहुधा रयतेच्या कळवळ्यासाठी करतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातला उंदीर अधिक विचारात पाडतो. उंदीर जळती वात ओढून नेतो ही गोष्ट गडाच्या सदरेवरून दिसण्यासारखी नाही. ती कोणा तबेल्यातल्या माणसाकडून वरपर्यंत पोचलेली असली पाहिजे, आणि ती क्षुल्लक म्हणून वाटेत कोणी अडवली नसली पाहिजे.

कान बंद असल्यावर काय होते याचे उदाहरण मुंबईच्याच बंदरात घडले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तलवार या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी अन्न नाकारले आणि तो संप पाहता पाहता बंदरातल्या जहाजांवर आणि इतर तळांवर पसरला. त्यामागे स्वातंत्र्याची ऊर्मी होती, आझाद हिंद फौजेच्या खटल्यांचा संताप होता, हे खरेच; पण ठिणगी होती ती निकृष्ट जेवणाची आणि केंद्राच्या प्रमुखाच्या शिवराळ भाषेची. तक्रारी रीतसर झाल्या होत्या, त्यांची दाद लागली नाही. तलवारवरची ही मुले तारायंत्री आणि बिनतारी संदेशवाहक होती, त्या काळच्या मानाने शिकलेली आणि तांत्रिक कामाची होती. साऱ्या नौदलाचे संदेश त्यांच्याच बोटांखालून जात असत आणि म्हणूनच त्यांचा संप इतक्या वेगाने पसरला. ज्यांच्या हाती माहितीची कळ आहे त्यांना केवळ दरडावून वागवता येत नाही, हा धडा त्या गोऱ्या अधिकाऱ्याला फार उशिरा मिळाला. आज तर प्रत्येक जहाजावरचा आणि प्रत्येक चौकीवरचा शिपाई तलवारवरच्या त्या मुलांसारखाच तंत्रज्ञ झाला आहे.

सत्य खालून वर जाताना कुठे अडते याचे दुसरे उदाहरण आपल्या मातीतल्या माणसाचे आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात १९५७ ते १९६१ या काळात लखनौला पूर्व विभागाचे सेनापती होते. १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या, म्हणजे त्या वेळच्या नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या), संरक्षणाविषयी एक टिपण लष्करी मुख्यालयाला पाठवले. चीनकडून धोका आहे, आपल्या हाती असलेल्या सैन्यबळावर तो थोपवता येणार नाही, आणि थेट सीमारेषेवर लढण्याऐवजी शत्रूला आत येऊ देऊन त्याची रसद ताणली जाईल अशा मागच्या रेषेवर त्याला गाठावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६० मध्ये त्यांनी लखनौला या कल्पनेवर लाल किल्ला नावाचा युद्धसरावही घेतला. लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटले होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते अवाजवी भीतीचे वाटले, आणि हे मेनन मुंबईतूनच लोकसभेवर निवडून गेले होते, याची आठवण आपण मुंबईकरांनी ठेवायला हरकत नाही. टिपणाचा इशारा दिल्लीत पोचल्यानंतरही, १९६२ च्या निवडणुकीत, आपण त्यांना आचार्य कृपलानींविरुद्ध भरघोस मतांनी निवडून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेफात चीनपुढे आपला कसा पराभव झाला ते सर्वांना माहीत आहे.

थोरातांचे दूरदर्शित्व सांगून ही गोष्ट बहुधा संपवली जाते. माझ्या मते दूरदर्शित्वापेक्षा त्या व्यवस्थेचा दोष तिथे अधिक स्पष्ट दिसतो. इशारा देणारा माणूस सुभेदार किंवा हवालदार नव्हता. तो स्वतः सेनापती होता, त्याचे म्हणणे कागदावर होते, सरावात तपासलेले होते, तरीही ऐकणाऱ्याची तयारी नव्हती म्हणून ते वाया गेले. मग ज्याच्या खांद्यावर एकच फीत आहे त्याचे काय होत असेल? ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यापूर्वी गाझाच्या कुंपणावर नजर ठेवणाऱ्या इस्रायली लष्करातील तरुण मुलींनी पलीकडच्या हालचालींविषयी पुन्हा पुन्हा सांगितले होते, आणि त्यांना पडद्याकडे पाहण्याचे काम तेवढे करण्यास सुचवले गेले, हे नंतर बाहेर आले. जगातील अत्यंत प्रगत समजली जाणारी टेहळणी यंत्रणा तिथे होती. पडदे चालू होते, मुली पाहत होत्या, आणि वरच्यांचा ग्रह आधीच पक्का झालेला होता.

यंत्राचाही हाच प्रश्न आहे, कारण यंत्र हेही एका अर्थाने हाताखालचा माणूसच असते. ३ जुलै १९८८ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या क्रूझरने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० माणसे मेली. जहाजावर एजिस ही त्या काळची सर्वांत आधुनिक रडार आणि क्षेपणास्त्र यंत्रणा होती आणि विमान वर चढत असल्याची नोंद ती बरोबर करत होती. कक्षातली माणसे मात्र ते आपल्यावर झेपावत असल्याचे ओरडून सांगत होती, कारण काही मिनिटांपूर्वीच इराणी नौकांशी चकमक सुरू झाली होती आणि सर्वांच्या मनात हल्ल्याचेच चित्र तयार होते. तिथल्या एका अधिकाऱ्याने ते प्रवासी विमान असू शकेल असेही बोलून दाखवले होते. पडद्यावरचे सत्य आणि मनातले चित्र यांत फरक पडला तेव्हा मनातले चित्र जिंकले. यावरून कोणी यंत्रावर अधिक विश्वास ठेवावा असा निष्कर्ष काढेल, तर त्याला १९८३ सालच्या सप्टेंबरातील सोविएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव याची आठवण करून द्यावी लागेल. अमेरिकेकडून क्षेपणास्त्रे सुटल्याचे यंत्र सांगत असताना त्याने ते खोटे मानले आणि तोच बरोबर होता. यंत्र मानायचे की माणूस, याचा ठरीव नियम करता येत नाही. सेनापतीला दोघांचेही म्हणणे कानांवर पडू द्यावे लागते, आणि दोघे एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर तो विरोध त्याच्यापासून लपवला जाता कामा नये, एवढेच सांगता येते.

आपल्याकडेही हे घडले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटवरील आपल्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, काश्मीरमध्ये बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक त्यात गेला. ऑक्टोबर महिन्यात हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असे उघडपणे सांगितले. निवडणुकीचा हंगाम संपल्यावर का होईना, पण सांगितले, हे मी त्यांच्या खात्यात जमा धरतो.

ऐकण्याला एक जोडगुण लागतो, तो म्हणजे ज्याला दिसते त्याला ठरवू देण्याचा. १९७१ च्या डिसेंबरात कमांडर बब्रुभान यादव निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका घेऊन कराचीकडे निघाले तेव्हा त्या नौका मुळात स्वतःच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या, थोड्या पल्ल्याच्या होत्या. त्यांना मोठ्या जहाजांमागे ओढत नेऊन शत्रूच्या बंदरावर वापरावे ही योजना मुख्यालयाने मान्य केली आणि समुद्रावरचे बाकीचे समुद्रावरच्या माणसांवर सोडले. त्याच युद्धात पूर्वेला लेफ्टनंट जनरल सगत सिंगांनी मेघना नदीवरचा पूल शत्रूने उडवला असता ९ डिसेंबरला हवाई दलाच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांतून सैन्य पलीकडे उतरवले. त्यांना दिलेली कामगिरी नदीपर्यंतचीच होती. अलीकडच्या काळातले उदाहरण घ्यायचे तर मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने सोमाली चाच्यांच्या ताब्यातील रुएन हे जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठले. चाचे गोळीबार करत होते, जहाजावर १७ ओलीस होते, हवाई दलाच्या सी-१७ विमानाने नौदलाचे मार्कोस कमांडो आणि त्यांच्या बोटी समुद्रात उतरवल्या, आणि सुमारे चाळीस तासांनंतर ३५ चाचे शरण आले, ओलीस सुखरूप सुटले. ते चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. म्हणजे त्या जहाजाच्या कप्तानाला एकाच वेळी लढाई, वाटाघाट, हवाई दलाशी मेळ आणि पुढे मुंबईच्या न्यायालयात टिकेल असा पुरावा, इतक्या गोष्टींचे भान ठेवावे लागले. इतके सगळे एकट्याच्या डोक्यात मावत नाही. अशा कप्तानाला भोवतालच्या माणसांचे ऐकावेच लागते.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो घेणारे बहुतेक जण स्वतः गणवेशात राहिलेले असतात. युद्ध म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा नव्हे, असे ते म्हणतात; तोफा सुरू असताना प्रत्येकाचे मत घेत बसलो तर पलटण मरेल. मला हा आक्षेप मान्य आहे, पण तो माझ्या म्हणण्यावर नाही. हुकूम सुटण्याआधीचा वेळ आणि सुटल्यानंतरचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटलेल्या हुकुमावर वाद नाही, हे शिस्तीचे मर्म आहेच. परंतु आपल्याकडे ती शिस्त हुकुमाच्या आधीही लागू केली जाते, सराव संपल्यावरच्या चर्चेतही लागू केली जाते आणि कधी कधी जेवणाच्या टेबलावरही लागू केली जाते, हे अयोग्य आहे. लढाऊ विमानांच्या पथकांत उड्डाण आटोपल्यावर होणाऱ्या चर्चेत हुद्दा बाजूला ठेवून चुका काढण्याची पद्धत आहे आणि तिथल्या शिस्तीला त्यामुळे तडा गेल्याचे कोणी म्हणत नाही. वैमानिकाची चूक लपवली तर पुढच्या उड्डाणात तोच मरतो, म्हणून ती पद्धत तिथे रुजली असावी. पायदळात किंवा जहाजावर चुकीची शिक्षा इतकी ताबडतोब मिळत नाही, म्हणून लपवणे परवडते.

खरा अडथळा स्वभावाचा नसून बढतीचा आहे, असे मला वाटते. अधिकाऱ्याचे भवितव्य त्याच्या वरिष्ठाने लिहिलेल्या वार्षिक गोपनीय अहवालावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि वर जावे तशा जागा झपाट्याने कमी होत जातात. ज्याची चूक दाखवायची, त्याच्याच लेखणीत आपली बढती असेल, तर किती जण तोंड उघडतील? थोरात लेफ्टनंट जनरल झाल्यावर बोलले. मेजर असताना असेच बोलले असते तर ते लेफ्टनंट जनरल झाले असते का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. अहवालात हाताखालच्यांचे आणि बरोबरीच्यांचे मतही कमी-अधिक वजनाने धरावे, सरावात मुद्दाम विरोधी बाजू मांडणारा अधिकारी नेमावा आणि त्याला त्याचा तोटा होऊ नये, अशा सूचना नव्या नाहीत. अग्निपथ योजनेनंतर तर त्यांची निकड वाढली आहे: चार वर्षांत परत जाणाऱ्या बहुसंख्य अग्निवीरांनी ड्रोन किंवा संदेशयंत्रणा हाताळताना जे शिकले, ते त्यांच्याबरोबरच बाहेर जाईल, जर कोणी त्यांना आधीच विचारून ठेवले नाही तर. तिन्ही दलांचे एकत्रित विभाग उभारण्याची चर्चा डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षण दलप्रमुख हे पद निर्माण झाल्यापासून चालू आहे. त्यातला अवघड भाग कोणाचा तळ कोणाच्या अखत्यारीत जाईल हा नसून, पांढऱ्या गणवेशातला माणूस निळ्या गणवेशातल्या कनिष्ठाचे ऐकेल का, हा आहे.

उरलेला अडथळा आपण आहोत. सेनापतीने खरे बोलावे अशी अपेक्षा करायची, तर खरे ऐकण्याची ताकद समाजाकडेही लागते. फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याजवळ सिंधुरत्न पाणबुडीवर आग लागून दोन अधिकारी गेले, तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन पद सोडले. त्याआधी ऑगस्ट २०१३ मध्ये इथल्याच नौदल गोदीत सिंधुरक्षक स्फोटाने बुडून १८ जण गेले होते. जोशींच्या राजीनाम्याचे कौतुक झाले, पण पाणबुड्यांच्या दुरुस्तीचे, सुट्या भागांचे आणि निर्णय लांबवणाऱ्या टेबलांचे प्रश्न त्या कौतुकात बुडाले. एका माणसाने जबाबदारी घेतली की बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायचा, ही आपली जुनी खोड आहे.

३१ मे २०२५ रोजी संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये मान्य केले की त्या महिन्याच्या संघर्षात आपली काही विमाने पडली. किती पडली यापेक्षा का पडली हे महत्त्वाचे आहे, आपली डावपेचातील चूक आपल्या लक्षात आली, ती सुधारून दोन दिवसांत आपण पुन्हा विमाने उडवली, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. कोणत्याही देशाच्या सेनापतीने युद्धानंतर तीन आठवड्यांत इतके सरळ बोलणे मला मोलाचे वाटले. त्यानंतरच्या आठवड्यात गाडीत, कार्यालयात आणि वाहिन्यांवर त्या विधानाची चर्चा भरपूर झाली. काही जण विमानांचा आकडा मागत होते, काही जण हे परदेशात का सांगितले म्हणून चिडले होते, आणि काही जण मुळात सांगितलेच का असे विचारत होते. चूक कोणाच्या लक्षात प्रथम आली आणि ती वरपर्यंत पोचायला किती तास लागले, असे विचारणारा मला त्या आठवड्यात एकही भेटला नाही.